औषधाच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचा तर : मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

ओपीडीत कुणी विचारलं, "शुगरच्या नव्या गोळीची ट्रायल सुरू आहे, आईंचं नाव घालायचं का?" की आपल्याकडे दोनपैकी एक उत्तर ठरलेलं. एक, "आमच्यावर प्रयोग करायलेत का?" आणि दुसरं, "फुकट आहे ना, मग सही कुठं करू?" दोन्ही घाईची उत्तरं. माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) अशा एका ट्रायलमध्ये होत्या. घर परतूरला, दवाखाना संभाजीनगरात, सोबतीला मी. त्या काळात बरंच काही विचारून, वाचून, भांडूनसुद्धा कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. घाईत असाल तर बाकीचं सोडा आणि पाचवा मुद्दा तेवढा वाचा. सही त्याच दिवशी करायची नसते, कागद घरी आणायचा असतो. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

१. कशासाठी जाताय ते आधी ठरवा

ट्रायल म्हणजे उपचार मिळण्याची हमी नव्हे. औषध चालतं का, सोसतं का, हे अजून ठरायचं असतं, म्हणून तर ती चाचणी. तुम्हाला नवी गोळी मिळेल, जुनीच मिळेल की औषध नसलेली हुबेहूब तशीच दिसणारी गोळी (तिला प्लासिबो म्हणतात) मिळेल, हे बहुतेक वेळा संगणक ठरवतो. पुष्कळदा ते तुम्हाला कळत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. "आमच्या बाईला खरी गोळी द्या हो" अशी गळ घालून उपयोग नसतो.

चाचणीचे टप्पे साधारण चार. पहिल्यात मोजकी माणसं, बहुधा निरोगी. कॅन्सरच्या औषधांचं मात्र पहिल्यापासून बहुधा रुग्णांवरच होतं. दुसऱ्यात आजार असलेले थोडे लोक. तिसऱ्यात बरेच, अनेक शहरांत मिळून. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. आपल्या भागातल्या रुग्णाला विचारणा होते ती बहुतेक तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यासाठी. निरोगी माणसाला पैसे देऊन बोलावतात तो प्रकार वेगळा, त्याबद्दल नवव्या मुद्द्यात.

मग जायचं कशाला? कारणं आहेत. तपासण्या फुकट होतात, तज्ज्ञ डॉक्टर दर भेटीला नीट बघतात, आणि काही आजारांत नेहमीचे उपाय संपलेले असतात. "आपल्यामुळे पुढच्याला औषध मिळेल" हेही एक कारण आहे, आणि ते मनापासून सांगणारी म्हातारी माणसं मी तिथल्या बाकड्यावर पाहिली आहेत. पण "ट्रायलमध्ये गेलं की बरं होतं" एवढ्या एकाच आशेवर जाऊ नका.

२. ट्रायल शोधायची कुठे

देशात चालणाऱ्या चाचण्यांची एक सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ती २००७ साली सुरू केली. कुणालाही फुकट बघता येते. पत्ता सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच नोंद करावी लागते, मागाहून केलेली नोंद घेत नाहीत. प्रत्येक चाचणीला सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडे असा क्रमांक असतो. तुम्हाला दवाखान्यात कुणी ट्रायलबद्दल सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारा : "सीटीआरआय नंबर काय?" लगेच सांगणारी माणसं बरी. "तसं काही लागत नाही" म्हणणाऱ्यांकडून उठून या.

सगळं इंग्रजीत आहे, पण मोबाइलच्या ब्राउझरमधलं भाषांतर कामापुरतं चालतं. शोधताना आजाराचं इंग्रजी नाव टाका. नोंद उघडली की एवढं बघा : चाचणीचा टप्पा, कोणाला घेणार आणि कोणाला नाही याच्या अटी, कुठल्या कुठल्या दवाखान्यात चालू आहे, तिथल्या नीतिमत्ता समितीची (चाचणीवर लक्ष ठेवणारी समिती) मंजुरी आहे का, औषध महानियंत्रकांची (दिल्लीतले केंद्रीय औषध नियंत्रक) परवानगी आहे का, आणि भरती सुरू आहे की बंद. सर्वसामान्यांनी चौकशी कोणाकडे करायची ते नावही त्यातच असतं.

इथे आपल्या भागापुरत्या काही अडचणी आहेत.

गावांची नावं. जुन्या नोंदींत छत्रपती संभाजीनगर हे औरंगाबाद म्हणून आहे आणि धाराशिव हे उस्मानाबाद म्हणून. दोन्ही नावांनी शोधा. त्यात औरंगाबाद बिहारमध्येही आहे, तेव्हा पुढे महाराष्ट्र लिहिलंय ना ते बघा. स्पेलिंग तर कुणी कसंही करतं.

प्रबंध. आपल्याकडच्या नोंदी उघडल्या तर पुष्कळशा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधाच्या निघतात, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयातल्या, नांदेड-धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांतल्या. नोंदीत "प्रबंध आहे का" असा रकानाच आहे. प्रबंध म्हणजे वाईट असं नाही, त्यालाही समितीची मंजुरी लागते. पण त्यात बहुधा नवं औषध नसतं, ठाऊक असलेल्या दोन उपायांची तुलना असते. प्रवासखर्च आणि पुढची देखभाल कंपनीच्या चाचणीसारखी मिळेल असं धरून चालू नका. शिवाय शैक्षणिक चाचणीला प्रत्येक वेळी दिल्लीची परवानगी लागतेच असं नाही, तेव्हा त्या रकान्यात "लागू नाही" दिसलं म्हणून घाबरू नका.

शिळी माहिती. "भरती सुरू" असं लिहिलेलं असतं आणि फोन केला तर जागा कधीच भरलेल्या. उलटही होतं. म्हणून फोन करायचाच.

आणि एक. नोंद आहे म्हणजे औषध सुरक्षित असल्याचं सरकारने सांगितलं, असा अर्थ काढू नका. नोंद ही फक्त नोंद.

इंटरनेट जमत नसेल तर सरळ माणसं गाठा. संभाजीनगरची घाटी आणि तिथलं शासकीय कर्करोग रुग्णालय, एमजीएम, लातूरचं विलासराव देशमुख शासकीय संस्थेचं रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय, अंबाजोगाईचं रुग्णालय, यांपैकी तुमच्या आजाराच्या विभागात जाऊन "इथे काही अभ्यास चालू आहे का" असं विचारायला लाज नको. धाराशिव, भूम, परंड्याकडच्या कॅन्सर रुग्णांना बार्शी जवळ. जिल्हा सोलापूर असला तरी तिथल्या कर्करोग रुग्णालयाची आणि टाटा मेमोरियलची जोडी जुनी आहे. मोठ्या औषध कंपन्यांच्या चाचण्या मात्र पुण्या-मुंबईतच जास्त, हे मान्य करून चालावं लागतं.

३. फोनवर काय विचारायचं

फोन बहुधा को-ऑर्डिनेटर, म्हणजे ट्रायलचं रोजचं काम बघणारे, उचलतात. तरुण मुलं-मुली असतात, कामाच्या ओझ्याखाली, पण नीट विचारलं तर नीट सांगतात. हे विचारा : एकूण किती महिने? भेटी किती आणि किती दिवसांनी? कुठल्या भेटीला उपाशीपोटी रक्त? मुक्काम करावा लागतो का? प्रवासखर्च तिकिटावर मिळतो की ठरावीक रक्कम? सोबत येणाऱ्याचा मिळतो का? आत्ता चालू असलेली औषधं बंद करावी लागतील का?

उपाशीपोटीचं आपल्याला फार महत्त्वाचं. परतूर, सेलू, परभणीकडून सकाळची मराठवाडा एक्सप्रेस पकडली तरी उतरून, रिक्षा करून दवाखान्यात पोचेपर्यंत सकाळ सरते, आणि शुगरचं माणूस रात्रीपासून पोटात काही नसताना डब्यात घाम पुसत बसतं. आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही बाहेरगावचे, आमचं रक्त पोचल्यापोचल्या घ्या, रांगेत बसवू नका. त्यांनी ऐकलं. सकाळची गोळी घ्यायची की रक्त दिल्यावर, हेही प्रत्येक भेटीआधी विचारून घ्या. हा प्रश्न फोनवरच सुटतो.

प्रवासखर्चाची आणखी एक गंमत. एसटीत बायांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे तिकिटावर पैसे देणारे लोक म्हाताऱ्यांना शून्य रुपये लावतात. रिक्षा आणि चहापाण्याचं काय, हे आधीच बोलून घ्या.

४. पिशवीत काय काय हवं

आधार कार्ड आणि त्याच्या झेरॉक्स. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. दवाखान्यात राहिला असाल तर डिस्चार्ज कार्ड. कॅन्सर असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट, आणि शक्य असेल तर स्लाइड व ब्लॉकसुद्धा (तपासलेल्या तुकड्याची काच आणि मेणात बसवलेला तुकडा). ते पॅथॉलॉजीवाल्यांकडे मागितले की मिळतात, फक्त पावती सांभाळा. बँक पासबुकची झेरॉक्स, कारण प्रवासखर्च पुष्कळदा खात्यावर येतो. घरात कायम लागणारा एक मोबाइल नंबर आणि शेजारच्याचा किंवा नातेवाइकाचा दुसरा.

आणि चालू औषधांची पाकिटं. नावं लिहून नेऊ नका, पाकिटंच न्या. त्यात गावातल्या डॉक्टरांनी दिलेली साधी पुडी, गुडघ्याच्या दुखण्यासाठीची काळी गोळी, वैदूचं चूर्ण, सगळं आलं. आपल्याकडे जराही अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची सवय आहे, तेही सांगा. लपवून ठेवलेल्या औषधाने चाचणीचं जे व्हायचं ते होईल, पण आधी माणसाचं होतं.

५. संमतीपत्र : इथे वेळ घालवा

नियम स्पष्ट आहे. नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ प्रमाणे माहितीपत्रक आणि संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, प्रश्न विचारायला वेळ द्यावा लागतो, आणि सही झाल्यावर त्याची एक प्रत तुमच्या हातात द्यावी लागते. मराठी प्रत मागा. ती कधी कधी इतकी जड असते की इंग्रजी बरी वाटावी. तरी मागा, आणि अडलेला शब्द बोट ठेवून विचारा.

मग म्हणा, "हे घरी नेते, वाचते, पुढच्या वेळी सांगते." यावर कुणी नाराज झालं तर होऊ द्या. "आजच सही करा, जागा उद्या भरतील" असं म्हणणाऱ्याला सांगा की भरल्या तर भरल्या. आम्ही कागद घरी आणले तेव्हा माझ्या दिराने ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचले, आणि ज्या ओळीवर सगळे थांबले ती होती वारसाची. फॉर्मवर तुमचं वय, शिक्षण, कामधंदा, वार्षिक उत्पन्न आणि शेवटी वारसाचं नाव, पत्ता, नातं असे रकाने असतात. आत्याबाई म्हणाल्या, "मी काय मरायला चाललेय का? वारस कशाला लिहायलेत?" त्यांचं चुकलं नव्हतं. तो रकाना खरोखरच त्यासाठी आहे. चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, ते त्यावरून ठरतं. हा रकाना बघून घाबरून पळणारे आहेत, आणि न बघता सही करणारेही आहेत. तो नीट भरायचा असतो. नाव आधारवर आहे तसंच लिहा, "मोठा मुलगा" एवढंच लिहून भागत नाही.

घरी वाचताना या गोष्टी शोधून खूण करा :

- या औषधाशिवाय दुसरे कोणते उपचार आज उपलब्ध आहेत. हे लिहिणं बंधनकारक आहे.
- कोणकोणते त्रास होऊ शकतात.
- चाचणी सोडली तर नेहमीच्या उपचारावर परिणाम होणार नाही, हे वाक्य.
- इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे वाक्य.
- डॉक्टरांचा आणि नीतिमत्ता समितीच्या सचिवांचा फोन नंबर. दोन्ही वेगळे हवेत.
- रक्ताचे नमुने पुढे कशासाठी वापरणार, किती काळ ठेवणार.
- मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी गर्भधारणेबद्दलच्या अटी. इथे नवऱ्यालाही बसवून वाचून दाखवा.

वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो, आणि तो संपूर्ण बोलणं होईपर्यंत तिथे हजर असावा लागतो. तटस्थ म्हणजे ट्रायलच्या माणसांपैकी नसलेला. अंगठा घ्यायच्या वेळी वॉर्डातल्या मामाला हाक मारून "इथं सही करा" म्हणणं चालत नाही. तुमच्याच घरचं शिकलेलं माणूस सोबत नेलं तर हा प्रश्नच येत नाही. औषध अगदी नव्या रसायनाचं असेल आणि सहभागी व्यक्ती दुर्बल गटातली असेल, तर संमती घेतानाचं चित्रीकरण करावं लागतं. कॅमेरा दिसला म्हणून बुजू नका, तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. हे नियम असेच आले नाहीत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २०१३ मध्ये बरीच कडक पावलं उचलली गेली.

लहान मुलांच्या चाचणीत आईबापांची सही लागतेच, पण आयसीएमआरच्या मार्गदर्शनाप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलालाही त्याला कळेल असं सांगून त्याचा होकार घ्यायचा असतो. पोर नको म्हणत असेल तर ऐका.

नीतिमत्ता समितीबद्दल थोडं. प्रत्येक चाचणीवर एक समिती लक्ष ठेवते. त्यात किमान सात जण असतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, आणि त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक सर्वसामान्य माणूस, एक स्त्री हवी. दवाखान्याची स्वतःची समिती नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली दुसरी नोंदणीकृत समिती चालते. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी छोट्या दवाखान्यात ट्रायल आहे आणि समिती पार मुंबईची आहे असं कळलं, तर तिथे काहीतरी बिनसलंय.

६. स्क्रीनिंग

सही झाल्यावरच तपासण्या. सहीआधी ट्रायलसाठी म्हणून रक्त काढणं किंवा चालू गोळी बंद करायला सांगणं नियमात बसत नाही. तपासण्यांत बसला नाहीत तर "स्क्रीन फेल" म्हणतात. शब्द वाईट आहे, पण त्यात तुमची काही चूक नसते. किडनीचा आकडा थोडा वर, हिमोग्लोबिन थोडं खाली, एवढ्यावरून नाव कापलं जातं. आपल्याकडच्या बायांचं हिमोग्लोबिनवरूनच पुष्कळदा अडतं. रिपोर्ट मागून घ्या, ते पुढच्या उपचाराला कामी येतात. आणि आत घुसायचं म्हणून वय किंवा आजार खोटा सांगू नका. त्या अटी तुम्हाला वाचवायलाच घातलेल्या असतात.

७. गोळ्या, डायरी आणि कोयता

गोळ्यांची बाटली देतात, सोबत डायरी. रोज कधी घेतली, काय वाटलं, शुगर किती आली, ते लिहायचं. पुढच्या भेटीला रिकाम्या बाटल्या आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या. तिथली मुलगी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये गोळ्या ओतून चमच्याने दोन-दोन सरकवत मोजते, आपल्या डायरीशी ताडून बघते आणि एखादी जास्त निघाली की वर बघते. खोटं बोलायची गरज नाही. चुकली तर "चुकली" म्हणून लिहा, ते चालतं. दोन गोळ्या एकदम घेऊन हिशेब जुळवणं चालत नाही. शेजारणीलाही शुगर आहे म्हणून तिला चार गोळ्या देणं तर अजिबातच नाही.

एक छोटं कार्ड देतात, त्यावर चाचणीचं नाव आणि तातडीचा नंबर. ते आधारच्या पाकिटात ठेवा. गावात अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना ते आधी दाखवा.

आता तारखांचं. ट्रायलच्या तारखा कॅलेंडरवर ठरतात, आपली कामं ठरतात शेतावर. भेट बहुधा तीन-चार दिवस मागेपुढे चालते, त्याहून जास्त सहसा नाही. सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, लग्नसराई, आषाढी वारी, हे सगळं त्यात येणार. पण खरी अडचण बीड, धारूर, केज, पाटोदा, आष्टी या पट्ट्यातल्या ऊसतोड कुटुंबांची. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन जे कारखान्यावर जातात ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत परतत नाहीत, आणि मुकादमाची उचल घेतलेली असल्यावर मधूनच दोन दिवस संभाजीनगर गाठणं कागदावरच सोपं. अशांनी भरती होतानाच सांगावं : "आम्ही अमुक महिन्यांत सांगलीला किंवा कर्नाटकात असतो." काही चाचण्यांत फोनवर विचारपूस चालते, काहींत नाही. चालत नसेल तर त्या हंगामात नाव घालू नका. मध्येच गोळी तुटली की औषधाची फारशी परीक्षा होत नाही, शरीराची मात्र होते. माझं स्पष्ट मत आहे की ही ट्रायल घेणाऱ्यांनी विचारायची गोष्ट आहे, पण ते विचारत नाहीत. तेव्हा आपणच सांगायची.

८. त्रास झाला तर

छोटा त्रास डायरीत. चक्कर, पुरळ, धाप, दवाखान्यात भरती व्हावं लागणं, असं काही झालं तर लगेच फोन, रात्र असली तरी. गंभीर घटना घडली की मुख्य डॉक्टरांना ती २४ तासांच्या आत कंपनीला, नीतिमत्ता समितीला आणि केंद्रीय औषध नियंत्रकांना कळवावी लागते. तुम्ही दोन दिवसांनी सांगितलं तर घड्याळही दोन दिवस उशिरा सुरू होतं.

चाचणीत इजा झाली तर लागेल तितका काळ मोफत उपचार मिळतात. इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध झालं तर ते तिथे थांबतात, पण तोवर बिल मागता येत नाही. बाहेरच्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर प्रत्येक बिल, प्रत्येक रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आमच्या ओळखीच्या एका घरात बिलं होती, पण त्यांवर रुग्णाचं नाव अर्धवट, आणि मग महिनोन्‌महिने पत्रव्यवहार.

चाचणीमुळे मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई ठरवायचं सूत्रच नियमात दिलं आहे. मूळ रक्कम ८ लाख. तिला वयाच्या आणि आजाराच्या जोखमीच्या आकड्याने गुणतात. ६५ वर्षांपुढच्या निरोगी सहभागीसाठी ती ३२ लाख होते, वय कमी तसा आकडा वाढतो. ६५ पुढचा रुग्ण आधीच शेवटच्या अवस्थेत असेल तर ४ लाख. महिन्याभरात मृत्यू जवळजवळ अटळ होता अशा रुग्णासाठी ठरावीक २ लाख. पूर्ण अपंगत्वाला मृत्यूच्या भरपाईच्या ९० टक्के. औषध महानियंत्रकांचा आदेश निघाल्यावर कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. आदेश निघायलाच वेळ लागतो, म्हणून कागद पक्के हवेत.

दाद मागायची पायरी : आधी मुख्य डॉक्टर, मग नीतिमत्ता समितीचे सचिव (नंबर संमतीपत्रावर आहेच), मग केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना. तिचं मुख्यालय दिल्लीत, पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत. तोंडी तक्रार करू नका. साध्या कागदावर मराठीत लिहा, वर सीटीआरआय क्रमांक घाला, पोच घ्या.

९. "पैसे मिळतात" म्हणणारे

तरुण पोरांसाठी हे लिहिते. नवी मुंबई, अहमदाबाद, हैदराबादकडे बायोइक्विव्हॅलन्सचे अभ्यास चालतात. नव्या कंपनीची गोळी जुन्या गोळीइतकीच रक्तात उतरते का, ते निरोगी माणसावर बघतात. आत राहावं लागतं, ठरल्या वेळी वारंवार रक्त काढतात, आणि त्याचे पैसे देतात. हे कायदेशीर आहे. त्यालाही समितीची मंजुरी, संमतीपत्र सगळं लागतं.

घोळ होतो एजंटमुळे. तो गावातून पोरं गोळा करतो, कमिशन कापतो आणि सांगतो, "याच्या आधी कुठं गेला नव्हतास असं म्हण." दोन अभ्यासांत साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवायची पद्धत आहे, कारण आधीचं औषध अंगातून जायला आणि काढलेलं रक्त भरून यायला वेळ लागतो. हप्त्यासाठी, लग्नातल्या उधारीसाठी एकामागून एक अभ्यास करणारी पोरं आहेत. कुणी तुमच्याकडूनच नोंदणी फी मागितली, आधार काढून ठेवून घेतलं किंवा संमतीपत्राची प्रत दिली नाही, तर तिथून निघा. सहभागी व्यक्तीने पैसे भरायचे अशी ट्रायल नसते. पैसे किती मिळणार तेही समितीने मंजूर केलेलं आणि कागदावर लिहिलेलं असतं. अर्ध्यात सोडलं तर किती मिळतील, ते त्याच कागदावर बघा.

१०. सोडायचं असेल तर, आणि संपल्यावर

कधीही सोडता येतं, कारण सांगायचं बंधन नाही. फक्त गोळी एकदम बंद न करता आधी फोन करा, काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात. शेवटची तपासणी करून घ्या, ती तुमच्याच फायद्याची. सोडल्याबद्दल कुणी रागावलं, "आता या ओपीडीत येऊ नका" म्हणालं, तर ते समितीला लिहून कळवण्याजोगं आहे.

चाचणी पुरी झाली की बहुतेकांना वाटतं, गुण आलेली गोळी पुढेही मिळत राहील. सहसा नाही मिळत. नियमात सोय आहे : दुसरा उपाय नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि समितीने मान्यता दिली, तर कंपनीने ते औषध पुढे मोफत द्यायचं. मात्र त्यासाठी तुम्ही वेगळं लिहून द्यावं लागतं आणि त्यापुढच्या वापराची जबाबदारी कंपनीवर नसते. शुगर, बीपी अशा आजारांत दुसऱ्या गोळ्या आहेतच, तिथे ही सोय लागू होणं अवघड. म्हणून शेवटच्या भेटीच्या आधीच्या भेटीतच विचारा, "उद्यापासून कोणती गोळी?" आणि चिठ्ठी लिहून घ्या.

सगळ्या रिपोर्टच्या प्रती मागा. चाचणीचं नाव, क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत औषध घेतलं, एवढं लिहिलेला एक कागद डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने घ्या. तुम्हाला खरी गोळी होती की प्लासिबो, हे पुष्कळदा संपूर्ण अभ्यास संपल्यावरच उघड होतं. तुम्हाला ते जाणून घ्यायचं असेल तर तसं सांगून नंबर देऊन ठेवा. आत्याबाईंना कळवण्यात आलेलं नाही अजून, मी अधूनमधून फोन करते. परतूरच्या आमच्या डॉक्टरांनी त्या कागदाची झेरॉक्स फाईलला लावून ठेवली आहे.